दगड कोण ठेवतो?

गेल्या महिन्यात अथेन्समध्ये दिमित्रिस पिकियोनिस या वास्तुविशारदाची रेखाटनं आणि त्यांच्या कामाचे फोटो मांडले होते. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा पाय एकाच चित्रापाशी थांबले: टेकडीवरच्या फरसबंदीचं रेखाटन. लहानमोठे, वेडेवाकडे दगड एकमेकांच्या कुशीत बसवलेले.

१९५४ ते १९५७ या काळात त्यांनी प्राचीन देवळांच्या टेकडीकडे म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसकडे आणि समोरच्या फिलोपापू टेकडीवर जाणाऱ्या वाटा केल्या. तेव्हा अथेन्समधली १९व्या शतकातली घरं धडाधड पडत होती. जागा बिल्डरला द्यायची आणि बदल्यात फ्लॅट घ्यायचे, ही पद्धत पुणेकरांना वेगळी सांगायला नको. त्या घरांचे संगमरवराचे तुकडे, फुटकी कौलं पिकियोनिसनी वाटेत बसवली. कारागिरांसोबत जागेवर उभं राहून, दगड फिरवून बघत. आजही तिथं चालताना पायाखाली मध्येच एखादा कोरीव काठ लागतो. मी वाकून हात लावते, दरवेळी.

आपल्याकडे गडांवरच्या पायऱ्यांवरून, रोपवेवरून वाद पेटलाय. २०२५च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हापासून तर जास्तच. आमच्या तालुक्यातल्या गडावर काळ्या कातळाशेजारी सिमेंटचा जिना झालाय आणि दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला तडे गेलेत. फोटो बघून मला रडू आलं. धाकटा भाऊ दर रविवारी तिथं श्रमदानाला जातो. तो म्हणाला, "ताई, घसरून म्हातारी माणसं पडतात. त्यांनी गड बघूच नये का?"

त्याचं खरं आहे. आईचे गुडघे गेलेत, तिलाही गड बघायचाय. आणि ग्रीस काही शहाण्यांचाच देश नव्हे. २०२०मध्ये खुद्द अ‍ॅक्रोपोलिसवर काँक्रीटच्या रुंद वाटा झाल्या, त्यावर जगभरातून टीका झाली. त्याच वर्षी व्हीलचेअरवाल्यांसाठी नवी लिफ्टही आली, आणि ती मला मनापासून पटते.

म्हणून 'पायऱ्या हव्यात की नकोत' हा वाद मला अर्धाच वाटतो. वाट हवीच. पण ती चौरस फुटाच्या दरानं ठेकेदारावर सोडायची, की आधी कोणी गडावर चार महिने चालून, पाणी कुठून वाहतं ते बघून, कागदावर काढायची? निविदेत सिमेंटच्या गोणी मोजता येतात, पाथरवटाची नजर कशी मोजणार? आपल्याकडे चुन्यात काम करणारे गवंडी अजून आहेत. पडलेल्या वाड्यांचे घडीव दगड बाजारात विकायला येतात. ते गडाच्या मूळ बांधकामात मिसळायला मी सांगत नाही, पण पायथ्यापासूनच्या वाटेला का चालू नयेत?

भावाला फिलोपापूच्या वाटेचे फोटो पाठवलेत, सांधे दिसतील असे अगदी जवळून. त्याच्या मंडळानं पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करायचं ठरवलंय. अर्जाला जोडायला गडाच्या वाटेचं रेखाटन हवंय, ते काढणारं माणूस शोधतोय.