दुसऱ्या आयपी रेंजच्या कामावरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची तक्रार अशी: राउटरवर दुसरी आयपी रेंज (नेटवर्कमधल्या उपकरणांच्या पत्त्यांचा गट) टाकल्यावर लॅपटॉपचं इंटरनेट गेलं, प्रिंटर चालेना, गेस्टच्या मोबाईलवर कॅमेरे दिसतात आणि वर दुसऱ्या व्हिजिटचे पैसे घेतले.

इंटरनेट गेलं ही चूक सरळ आमची. मायक्रोटिक राउटरच्या ब्रिजवर (आतले पोर्ट एकत्र जोडणारा भाग) १९२.१६८.२.१/२४ हा पत्ता बरोबर टाकला होता, पत्ते आपोआप वाटणारा डीएचसीपीही नव्या रेंजवर नेला होता. पण नॅटच्या (आतल्या खासगी पत्त्याऐवजी बाहेर राउटरचा पत्ता लावणाऱ्या) मास्करेड रूलमध्ये सोर्स ॲड्रेस जुनाच, १९२.१६८.१.०/२४, राहिला. नव्या रेंजचं पॅकेट त्या रूलमध्ये बसत नाही, खासगी पत्ता घेऊनच बाहेर पडतं, मग उत्तर परत येणार कुठून? सोर्स ॲड्रेस काढून आउट इंटरफेस तेवढा वॅन (इंटरनेटकडची बाजू) ठेवला की प्रश्न मिटतो, आणि दुसऱ्या व्हिजिटमध्ये तेवढंच केलं. जुनी लीज (डीएचसीपीने ठराविक वेळेपुरता दिलेला पत्ता) असलेले लॅपटॉप तोवर चालत होते, म्हणून निघताना सगळं ठीक दिसलं. नव्या रेंजमधून नुसता २.१ (राउटर) पिंग करून, म्हणजे उत्तर येतं का बघून, भागत नाही, ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) पिंग व्हायलाच हवा. तो आमच्या माणसाने केला नाही. दुसऱ्या व्हिजिटचे पूर्ण पैसे परत करत आहोत.

प्रिंटरचं कारण वेगळं. त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने दिलेला आहे आणि गेटवे (दुसऱ्या रेंजकडे जायची वाट) ०.०.०.०, म्हणजे रिकामा, आहे. सगळे एकाच रेंजमध्ये होते तोवर गेटवे लागतच नव्हता. आता लॅपटॉपचं पॅकेट प्रिंटरपर्यंत पोचतं, पण उत्तर कोणाकडे द्यायचं हे त्याला कळत नाही. प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत गेटवे १९२.१६८.१.१ टाका. लॅपटॉपवर प्रिंटर आपोआप शोधत बसू नका. टीसीपी/आयपी पोर्ट करून पत्ता स्वतः लिहा. अकाउंट्सच्या पीसीवरून शेअर केलेल्या प्रिंटरसाठी त्या पीसीच्या विंडोज फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगच्या रूल्सचा स्कोप (परवानगी कोणाला) ‘लोकल सबनेट’, म्हणजे फक्त स्वतःची रेंज, आहे, तिथे १९२.१६८.२.०/२४ वाढवावा लागेल.

कॅमेऱ्यांबद्दल मात्र आमचं म्हणणं ऐका. २५४ पत्ते संपले म्हणून रेंज वाढवली. त्याने नेटवर्क वेगळं होत नाही. दोन्ही रेंज एकाच ब्रिजवर आहेत आणि राउटर त्यांच्यात पॅकेट इकडून तिकडे देतोच. राउटरच्या फॉरवर्ड चेनमध्ये ड्रॉप रूल टाकून ही ये-जा अडवली तरी कोणी मोबाईलला हाताने १९२.१६८.१.x चा पत्ता दिला की तो थेट कॅमेऱ्यापर्यंत जातो. खरी भिंत व्हीलॅनचीच, म्हणजे एकाच वायरिंगवर वेगळी केलेली नेटवर्क. त्यासाठी तुमचा २४ पोर्टचा साधा स्विच बदलून मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) घ्यावा लागेल, आणि गेस्ट वायफायला व्हीलॅन लावता येणारा ॲक्सेस पॉइंट लागेल. कोटेशनमध्ये फक्त ‘पत्ते वाढवणे’ लिहिलं होतं, पण हा फरक आधीच समजावून सांगायला हवा होता, हे मान्य.

मास्क (रेंज किती मोठी ते ठरवणारा आकडा, आत्ता /२४) /२३ का केला नाही, असंही तुम्ही विचारलंत. /२३ मध्ये शेजारच्या दोन रेंज एक होतात, आणि १९२.१६८.१ ची जोडी १९२.१६८.० शी लागते, १९२.१६८.२ शी नाही. तुमचा मोडेम १९२.१६८.०.१ वर आहे, म्हणजे राउटरच्या आत-बाहेर एकच रेंज झाली असती आणि पत्त्यांची टक्कर होऊन घोळ झाला असता.

प्रिंटरचा गेटवे आणि फायरवॉलचा स्कोप आम्ही येऊन विनामूल्य करून देऊ. ऑफिस सुटल्यानंतरची वेळ कळवा. व्हीलॅन करायचं ठरलं तर स्विच तुम्ही कुठूनही घ्या, फक्त त्यावर ८०२.१क्यू (व्हीलॅनचं मानक) लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या.