कंपायलर गप्प बसतो तेव्हा

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्ट्रक्चरचे (म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गाठोड्याचे) पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, वापरायचे म्हणजे कंपायलरची, म्हणजे आपलं लिखाण तपासून मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्याची, बोलणीही खायची आणि त्याचा अबोलाही सोसायचा. बोलणी परवडली.

आतली माहिती काढायला स्ट्रक्चर हाताशी असेल तर डॉट (.), पॉइंटर असेल तर ॲरो (->), एवढाच नियम. पॉइंटरपुढे डॉट दिला की कंपायलर एरर फेकतो आणि वर साळसूदपणे विचारतो, ‘ॲरो द्यायचा होता का?’ अरे, कळलंय ना तुला? मग दे की! ॲरो टाळून *पी.वय (पी हा पॉइंटर, स्टार म्हणजे ‘त्या पत्त्यावरची वस्तू’) लिहावं, तर डॉटचा मान स्टारच्या आधी, म्हणून पुन्हा एरर. कंसासकट (*पी).वय लिहिलं की मग स्वारी खूश.

आता अबोला. मेमरी देणाऱ्या मॅलॉककडे जागा मागताना, आकार सांगणाऱ्या साइझऑफला साइझऑफ(*पी) ऐवजी साइझऑफ(पी) लिहिलं गेलं, तर स्ट्रक्चर भले २०० बाइटचं असो, ६४ बिटच्या मशीनवर पदरात पडतात पॉइंटरपुरते ८ बाइट. एका स्टारपायी! इथे मात्र कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम चालतोसुद्धा. पडतो तो नेमका चारचौघांत दाखवताना: सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे आपली नसलेल्या मेमरीत हात घातल्याची शिक्षा. कुठे पडला हे बघायला मध्ये स्क्रीनवर मजकूर छापणारं प्रिंटएफ घातलं, तर डॉक्टरला बघून ताप उतरलेल्या पोरासारखा टुणटुणीत. प्रिंटएफ काढलं की पुन्हा आडवा. याच स्ट्रक्चरांच्या जोरावर १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे गाभा, सीमध्ये लिहून झालं, त्यामुळे भाषेला नावं ठेवायचीही पंचाईत.

पण माझा खरा राग लोकलटाइम या वेळेच्या फंक्शनवर. त्याला वेळ दिली की ते स्ट्रक्ट टीएमचा, म्हणजे वर्ष-महिना-तास असं सुटं मांडलेल्या स्ट्रक्चरचा, पॉइंटर देतं. सकाळची वेळ एका पॉइंटरात घेतली, संध्याकाळची दुसऱ्यात, आणि छापलं तर दोन्हीकडे संध्याकाळ! पॉइंटर दोन, स्ट्रक्चर एकच. ते फंक्शन दर वेळी त्याच जागेवर नवं लिहितं. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट छापलंय, म्हणजे भांडणही मिटलं. शिवाय आतला हिशेब बघा: वर्षं १९०० पासून मोजायची, महिने शून्यापासून, तारीख मात्र एकपासून. डिसेंबर २०२४ म्हणजे वर्ष १२४, महिना ११. हे कोणत्या मुहूर्तावर ठरलं असेल?

हल्ली मी लोकलटाइम_आर वापरतो. त्याला स्ट्रक्चर आपलं आपण द्यायचं, ते त्यात वेळ भरून देतं. सकाळ सकाळीच राहते. महिन्यात एक मिळवावा लागतो तो लागतोच.