फुग्याचे इंटरनेटही जमिनीवरूनच वर चढते

नाशिकच्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘गूगलचे फुगे २० किलोमीटर उंचीवरून जगभरच्या खेड्यांना फुकट इंटरनेट देतात, ते आणले तर सुरगाणा-पेठच्या पाड्यांना टॉवर नको आणि केबलही नको.’ मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ मला मान्य आहे, मात्र उंचीचा आकडा सोडला तर त्यातले काहीच बरोबर नाही.

‘देतात’ हा वर्तमानकाळच चुकीचा आहे. २०१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ज्याची चाचणी झाली, तो ‘लून’ हा फुग्यांचा प्रकल्प गूगलच्या पालक कंपनीने, म्हणजे अल्फाबेटने, जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. केनियातली त्याची व्यावसायिक सेवा तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती. ‘फुकट’ हा शब्दही टिकत नाही, कारण खर्च पुरेसा खाली आणता आला नाही, हेच कारण कंपनीने दिले होते.

टॉवर-केबल नको, हा दावा सर्वांत दिशाभूल करणारा आहे. फुगा इंटरनेट तयार करत नाही. फायबरने, म्हणजे केबलनेच, जोडलेल्या जमिनीवरच्या केंद्रातून संदेश एका फुग्याकडे जातो, तिथून दुसऱ्या फुग्यांकडे आणि मग फोनवर उतरतो, म्हणूनच केनियात टेलकॉम केनिया या दूरसंचार कंपनीचे जाळे सोबत लागले. पेरूमध्ये २०१७ च्या पुरानंतर फुगे लवकर कामाला आले, तेही तिथल्या दूरसंचार कंपनीबरोबर आधीपासून तयारी चालू असल्यामुळे. आपत्तीत ते उपयोगी पडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण फुगा एका जागी टांगून ठेवता येत नाही. उंची कमी-जास्त करून सोयीच्या दिशेचा वारा गाठावा लागतो, आणि सर्वाधिक टिकलेला फुगाही ३१२ दिवसांनी खाली आला. केनियात सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरसाठी ३५ फुगे होते. त्या हिशेबाने साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आपल्या जिल्ह्याला दहा-अकरा फुगे लागतील, आणि ते सतत बदलत राहावे लागतील.

गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी रेशन दुकानदाराला पॉस मशीन, म्हणजे अंगठा घेऊन इंटरनेटवरून पावती काढणारे यंत्र, छत्रीखाली धरून टेकाडावर चढताना पाहिले. मागे आठ-दहा बायका होत्या आणि पहिल्या बाईची पावती चौथ्यांदा अंगठा लावल्यावर निघाली. टॉवर जवळच होता, पण वीज दोन दिवस गेलेली आणि त्याची बॅटरी उतरलेली होती. त्या बायकांची अडचण सोडवायला आकाशातून काही आणावे लागत नाही. टॉवरला टिकाऊ बॅटरी आणि सौर पॅनेल बसवणे, बिघाड दुरुस्त करायला तालुक्यातच माणूस ठेवणे आणि भारतनेट या सरकारी ग्रामीण इंटरनेट योजनेचे फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपाशी न थांबवता पाड्यापर्यंत नेणे, या मागण्या आपण याच गटांवरून, याच पावसाळ्याआधी लावून धरायला हव्यात.