जयललिता अम्मांचा फोटो लावला की सीट निघते? नाही निघत

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की मोठा नेता गेला तरी काही बिघडत नाही, पुढच्या उमेदवाराकडे त्याच्या घरचं नाव, पक्षाचं चिन्ह आणि बॅनरवर त्याचा फोटो असला की मतं आपोआप पडतात, तमिळनाडूतल्या अण्णाद्रमुकचंच बघा म्हणे. बरं, बघूया.

आधी घरचं नाव. पक्षाचे संस्थापक आणि मुख्यमंत्री एमजीआर २४ डिसेंबर १९८७ ला गेले आणि पत्नी जानकी मुख्यमंत्री झाल्या, बहुतेक आमदार त्यांच्याच बाजूला होते, तरी सरकार महिनाभरसुद्धा टिकलं नाही. पक्ष जानकी आणि जयललिता अशा दोन गटांत फुटला, मग १९८९ ची निवडणूक. आंडिपट्टी म्हणजे तीच सीट जी एमजीआरनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये पडून असताना जिंकली होती, एक सभा न घेता! तिथंच जानकी हरल्या. आणि जयललितांच्या गटाने, ज्यांचं एमजीआरशी रक्ताचं नातं नव्हतं, २७ जागा काढल्या. वर्षानुवर्षं पक्षाचा प्रचार करत गावोगाव फिरलेली बाई लोकांना माहीत होती, घरातली बाई माहीत नव्हती, इतकं सरळ आहे ते.

आता चिन्ह. इथं मेसेजवाल्यांचं थोडं खरं आहे, दोन पानं हे पक्षाचं चिन्ह तिकडे फार मोठी गोष्ट आहे, १९८९ मध्ये ती गोठवली गेली त्याचा दोन्ही गटांना फटका बसलाच. पण डिसेंबर २०१७ ची आर. के. नगरची पोटनिवडणूक का विसरता? जयललिता गेल्यावर रिकामी झालेली त्यांची स्वतःची सीट, राज्यात सत्ता, हातात दोन पानं, आणि तरी अधिकृत उमेदवार पडला, तोही ४० हजारांवर मतांनी, प्रेशर कुकर हे चिन्ह घेऊन अपक्ष उभ्या राहिलेल्या, पक्षातून बाजूला काढलेल्या दिनकरनकडून. दोघंही अम्मांच्याच नावाने मतं मागत होते! म्हणजे नाव एकच असलं तरी ते कुणाच्या तोंडी शोभतं हे मतदार ठरवतो.

फोटोचं तर आकडेच सांगतात, २०१४ ला अम्मा स्वतः फिरत होत्या, लोकसभेच्या ३९ पैकी ३७. २०१९ ला फोटो तोच, जागा एक. २०२४ ला शून्य.

प्रभाव उरत नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. उरतो, पण तो मतपेटीपेक्षा पक्षाच्या आत जास्त उरतो आणि तिथं तो फार महाग पडतो. २०१७ मध्ये जयललितांना कायमच्या सरचिटणीस जाहीर केलं, म्हणजे ती खुर्ची कुणालाच द्यायची नाही, आणि कारभार पनीरसेल्वम आणि पलानीस्वामी या दोन नेत्यांत वाटला. ज्या पक्षात तिकीट कुणाला ते एकटी व्यक्ती ठरवायची तिथं दोन माणसं आणि दोन गट झाले, भांडण २०२२ मध्ये पनीरसेल्वमना पक्षातून काढेपर्यंत गेलं आणि पुढे कोर्टात. उमेदवाराने अशा वेळी मतदारांकडे जायचं की नेत्यांच्या दारात बसायचं?