आपण नाही का चाललो?

कालपासून घरच्या ग्रुपवर एकच दंगा चाललाय. भावाचा पोरगा 18 महिन्यांचा झाला, अजून सुटा चालत नाही, डॉक्टरांनी फिजिओकडं जा म्हटलं तर काका लिहितात, फिजिओ म्हाताऱ्यांच्या गुडघ्याला असतंय, आपण नाही का चाललो? चाललो की काका, पण आपल्याच गल्लीत एक पोरगा पाय ओढत चालायचा, सगळे चिडवायचे, दाखवलं कुणी होतं त्याला?

डब्ल्यूएचओच्या तक्त्यात जवळजवळ सगळी पोरं साडेसतरा महिन्यांपर्यंत सुटी चालतात. फिजिओ आधी उशीर कशानं होतोय ते बघतात आणि मग खेळच खेळवतात, सोफ्यावर खेळणं ठेवून कडेकडेनं चालवायचं, बुटक्या स्टुलावरनं उठबस करून घ्यायची, त्यानं पाय-कंबर बळकट होते. सुई नाही, औषध नाही.

आणि काका काय आणणार, तर चाकाचा वॉकर! कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, पोरं त्यासकट जिन्यावरनं गडगडायची, आणि त्यानं चालणं लवकर येतं असंही नाही. त्यापेक्षा आपला लाकडी पांगुळगाडा बरा, पोर निदान स्वतःच्या पायावर उभं राहतं. पैशाचं म्हणाल तर अंगणवाडीत पोरं तपासायला येणारी आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम 2013 पासून आहे, पुढचे उपचारसुद्धा फुकट. इथं कॅनडात, मिसिसागात, सरकारी सेंटरला नंबर लागायला किती थांबावं लागतं हे मी ग्रुपवर लिहीत नाही.

काकांचं उत्तर आलं, तू तिकडं बसून शिकवू नकोस.

लागलं ते. कारण मी बाळंतपणाला सांगलीलाच आले होते, आणि आंघोळ घालणाऱ्या मावशी तिसऱ्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, "ताई, पोरगी मान एकीकडंच टाकतीय, दाखवा की." मी म्हटलं, सवय असेल. इथं परत आल्यावर पाचव्या महिन्यात कळलं टॉर्टिकोलिस, मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलेला. पहिल्या महिन्यात व्यायाम सुरू केले तर दीडेक महिन्यात भागतं म्हणे, आम्हाला आठ महिने लागले. दर डायपरला हळूच मान वळवायची, ती किंचाळायची, मग आईच्या गोधडीवर पालथी घालून खुळखुळा डावीकडं धरायचा, बाहेर उणे वीस आणि मी एकटी.

भावाला वेगळा फोन केला. म्हटलं फिजिओकडं जाच, आणि मावशींना सोबत घेऊन जा, त्यांच्या हाताला ते व्यायाम तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर जमतील.