आक्रमक लिम्फोमा आपोआप बरा होतो, म्हणून थांबायचं?

‘आक्रमक लिम्फोमासुद्धा केमोशिवाय आपोआप बरा होतो. वैद्यकीय नियतकालिकांत तशा नोंदी आहेत. शरीराला वेळ द्या, केमोने प्रतिकारशक्ती मारू नका.’ लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग; त्याच्याबद्दल अशा अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. तो साफ खोटा असता तर खोडणं सोपं होतं. पण तो अर्धा खरा आहे, आणि कालच निदान कळलेला माणूस नेमका तो अर्धाच घट्ट धरून बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नोंदी आहेत.’ हो, आहेत. एव्हरसन आणि कोल या डॉक्टरांनी १९६६ मध्ये सगळ्याच कर्करोगांतली अशी प्रकरणं एकत्र केली. कित्येक दशकांच्या वैद्यकीय लेखनातून त्यांच्या कसोटीला उतरली ती १७६. गाठ काही अंशी आणि काही काळापुरती कमी झाली, तरी ते प्रकरण त्यांच्या यादीत बसत होतं; याचा अर्थ रोग बरा झाला असा नाही, हे त्यांनीच बजावलं होतं. शिवाय नोंद होते ती नवलाची. वाट पाहता पाहता ज्याची गाठ वाढत गेली, त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

‘लिम्फोमा ओसरतो.’ कुठला लिम्फोमा? हे एकाच रोगाचं नाव नाही, डझनावारी रोगांचं आहे. फॉलिक्युलरसारखे संथ प्रकार खरोखरच कमी-जास्त होत राहतात. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात संथ लिम्फोमाच्या ८३ रुग्णांना सुरुवातीला उपचार न देता देखरेखीखाली ठेवलं होतं; त्यांतल्या १९ जणांच्या गाठी आपोआप कमी झाल्या. संथ प्रकारात लक्षणं नसतील तर डॉक्टरच थांबायला सांगतात, ते याच अनुभवावरून. पण हा आकडा आक्रमक प्रकाराला चिकटवणं म्हणजे शुद्ध दिशाभूल. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा उपचारांविना बहुधा काही महिन्यांत जीव घेतो. बर्किट लिम्फोमाच्या पेशी तर एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. तिथे ‘महिनाभर पाहू’ म्हणण्याइतका वेळच नसतो.

‘काहीही उपचार न घेता.’ मला सर्वांत जास्त खटकतं ते हे. आपोआप म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हकिकतींमागे अनेकदा कारण असतं, फक्त सांगणाऱ्याने ते विचारलेलं नसतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या काही जणांना लिम्फोमासारखा विकार होतो आणि ते औषध थांबवल्यावर तो ओसरतो. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केल्यावरही असं घडतं. दोन्हीकडे एप्स्टीन-बार विषाणूचा हात पुष्कळदा सापडतो. दुसरी शक्यता स्टिरॉइडची. दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने लिम्फोमाच्या गाठी झपाट्याने लहान होतात आणि काही आठवड्यांत परत येतात. (त्यामुळे बायोप्सीही फसते. निदानाआधी स्टिरॉइड घेतलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.) तिसरी शक्यता, तो लिम्फोमा नव्हताच. एप्स्टीन-बार विषाणूनेच होणाऱ्या ग्रंथिज्वरात सुजलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली थेट लिम्फोमासारखी दिसू शकते.

हे सगळं वगळल्यावरही काही प्रकरणं उरतात, हे मान्यच करायला हवं. त्यांत कधी बायोप्सीनंतर, कधी मोठ्या संसर्गानंतर गाठ विरघळलेली दिसते. प्रतिकारशक्ती जागी झाली असावी हा अंदाज पटण्यासारखा आहे. मात्र कुणाच्या बाबतीत ती जागी होईल, हे आधी ओळखण्याची चाचणी नाही. ते कळतं मागाहून.

‘केमो प्रतिकारशक्ती मारते.’ पांढऱ्या पेशी घटतात आणि संसर्गाचा धोका वाढतो, हे खरं. पण ही घट बहुतेकदा तात्पुरती असते, आणि बिघडलेल्या लिम्फोमा पेशी या मुळात प्रतिकारशक्तीच्याच पेशी आहेत. आर-चॉप या केमोसह दिल्या जाणाऱ्या औषधांच्या उपचारात दर २१ दिवसांनी एक, अशी साधारण सहा आवर्तनं होतात. त्यातून डिफ्यूज लार्ज बी-सेलचे निम्म्याहून अधिक रुग्ण कायमचे बरे होतात. हातात असलेली ही संधी त्या मजकुरात कुठेच सांगितलेली नसते, याचा मला राग येतो.

आणि उपचार सुरू होण्याआधीच गाठ खरोखर लहान झाली तर? लगेच डॉक्टरांना कळवा. बायोप्सीच्या काचा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या, स्कॅन पुन्हा करा, गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक औषधाची यादी समोर ठेवा. थांबायचं ठरलंच, तर ते पुढच्या तपासणीची तारीख हातात घेऊन. कारण ओसरलेला लिम्फोमा काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उलटल्याच्या नोंदी त्याच नियतकालिकांत आहेत.