काढला म्हणजे काढला ना!

चौथ्यांदा! सकाळपासून चौथ्यांदा कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, काढला, आणि रीस्टार्ट केल्यावर तो परत हजर. तेच जुनं व्हर्जन, तोच बिघाडाचा पिवळा त्रिकोण. काढ म्हटल्यावर काढायला काय होतं?

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अनइन्स्टॉल' दाबलं की एक बारीकसा चौकोन येतो. त्यात खूण केली नाही, तर फाइल्स ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हर साठवायच्या कोठारात, तशाच पडून राहतात आणि मशीन सुरू होताच पुन्हा बसतात. मग त्याला अनइन्स्टॉल का म्हणायचं? हे मोठ्या अक्षरांत सांगायला कुणाचं काय जातं?

बरं, खूण करून खरंच काढला, तर नेट बंद. नवा ड्रायव्हर नेटवरून उतरवा म्हणे! कुठल्या नेटवरून? रामबागेतून पेन ड्राइव्ह घेऊन जेल रोडच्या दुकानांत पळू? आई पोह्यांची बशी घेऊन दाराशी उभी, पोहे गार, वरची शेव मऊ. "झालं का रे?" नाही झालं!

शेवटी कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पीएनपीयूटिलची, म्हणजे ड्रायव्हर काढायच्या विंडोजच्याच साधनाची, कमांड टाइप करून त्या ड्रायव्हरची ओईएम१४ नावाची फाइल उडवली, तेव्हा कुठे तो गेला. घरोघरच्या माणसांनी हे कुठून शिकायचं? का शिकायचं?